दुधाच्या काट्याबाहेरची जनावरे



कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सकाळी आणि संध्याकाळी दूध संस्थेच्या दारात रांग लागते. किटलीतले दूध मोजले जाते, फॅट लागते, आकडा पुस्तकात चढतो. १९६३ साली स्थापन झालेल्या आपल्या गोकुळ दूध संघाने आणि तिकडे वारणेच्या संघाने या जिल्ह्यात घरोघरी पैसा पोचवला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या व्यवस्थेने आणखी एक काम केले, त्याची मात्र फारशी चर्चा होत नाही. तिने प्रत्येक म्हशीच्या प्रकृतीचा दिवसातून दोनदा हिशेब ठेवायला लावला. कालच्यापेक्षा अर्धा लिटर दूध कमी भरले की घरातली बाई गोठ्यात जाऊन बघते. म्हैस रवंथ करतेय का, नाकपुडी ओली आहे का, वैरण तशीच पडलीय का, कास हाताला गरम लागते का. कासदाह कुठल्या जंतूने होतो हे तिला सांगता येणार नाही. काल आणि आज यांतला फरक मात्र ती अचूक सांगेल. त्याच घराच्या सोप्यात बसणारा कुत्रा तीन दिवस नीट जेवलेला नाही हे चौथ्या दिवशी लक्षात येते, आणि मांजराचे तर ते माळ्यावर जाऊन लपले की मगच. बघणारे डोळे तेच आहेत आणि जनावरांविषयीची मायाही कमी नाही. एका बाजूला मोजमाप आहे, दुसऱ्या बाजूला नाही. आजच्या व्याख्यानात मला एवढेच सिद्ध करायचे आहे, की कुत्र्यामांजरांचे नेहमीचे आजार आपल्या हातून निसटतात ते रोगांची नावे माहीत नसल्यामुळे नाही. ते जनावर धडधाकट असताना कसे असते, हे आपण कधी टिपून ठेवलेले नसते, म्हणून ते निसटतात.

या भागाला पाळीव जनावरांचे निरीक्षण नवे नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या मानसोल्लासात सारमेयविनोद या नावाने कुत्र्यांवर वेगळे प्रकरण आहे. शाहू महाराज आणि राजाराम महाराज यांच्या काळात चित्त्यांकडून होणाऱ्या शिकारीसाठी कोल्हापूरचे नाव देशभर होते, आणि एकेका चित्त्यामागे त्याची खोड न् खोड ओळखणारा चित्तेवान असे. शेजारच्या मुधोळात तिथले संस्थानिक मालोजीराव घोरपड्यांनी जोपासलेल्या शिकारी कुत्र्याचे तर २००५ साली टपाल खात्याने तिकीट काढले. आपल्या विषयाला हा मुधोळचा कुत्रा फार उपयोगी पडतो. त्याच्या शेवटच्या बरगड्या दिसतात, पोट खपाटीला असते, आणि तो अगदी निरोगी असतो. शहरात नव्याने हौस लागलेला माणूस त्याच्याकडे बघून उपाशी ठेवलाय म्हणतो. याउलट दारात लोळणारा गुटगुटीत लॅब्रॅडॉर त्याला खाऊनपिऊन सुखी वाटतो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर त्यांच्या जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिलांच्या जोड्या लावून एकाला त्याच्या जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिले होते. कमी खाणारे कुत्रे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले आणि सांधेदुखीही त्यांच्यात उशिरा आली. ‘अंगाने भरलेला’ ही आपली निरोगीपणाची खूणच मुळात चुकीची आहे. रक्ताच्या तपासणीतही असेच घडते. ग्रेहाउंड जातीच्या निरोगी कुत्र्यात प्लेटलेट इतर कुत्र्यांपेक्षा कमीच असतात; हे ज्याला माहीत नाही तो अहवाल बघून गोचीडतापाचे औषध सुरू करील. तात्पर्य असे, की ‘कुत्रा’ म्हणून सरसकट एक मोजपट्टी चालत नाही. जातीची वेगळी, वयाची वेगळी आणि शेवटी त्या एका जनावराची स्वतःची.

आता रोगांच्या याद्यांकडे येऊ. पुस्तकांत आणि मोबाइलवर अशा याद्या ढिगाने मिळतात. त्या एकापुढे एक ठेवून वाचा. गोचीडताप: ताप, सुस्ती, खाणे बंद. डिस्टेंपर: ताप, सुस्ती, खाणे बंद, डोळ्यानाकातून चिकट स्राव. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो: ताप, सुस्ती, खाणे बंद, उलट्या. गर्भाशयात पू झाला: सुस्ती, खाणे बंद. सुस्ती आणि खाणे बंद ही लक्षणे सगळीकडे सारखी, आणि रोग वेगळा काढणारी खूण बहुतेक वेळा उशिरा उमटते. डिस्टेंपरमध्ये पायाचे तळवे कडक होतात, पायाचा किंवा डोक्याचा एखादा स्नायू सतत उडू लागतो. ते दिसेपर्यंत विषाणू मेंदूत पोचलेला असतो. गोचिडीतून होणाऱ्या बबेसियात लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी होते, कारण रक्तपेशी फुटलेल्या असतात. गोचीडतापाचाच दुसरा प्रकार असलेल्या एर्लिकियात नाकातून रक्त येते किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उठतात, कारण प्लेटलेट घसरलेल्या असतात. त्याच एर्लिकियाचा मधला टप्पा तर महिनोन्महिने चालतो. त्या काळात कुत्रा हिंडतो, भुंकतो, जेवतो. काहींचे वजन तेवढे हळूहळू उतरत असते. हा टप्पा कुठल्याही यादीत सापडणार नाही. दर महिन्याला वजन करणाऱ्याला तो सापडू शकतो. साधा वजनकाटा पुरतो: कुत्र्याला कडेवर घेऊन उभे राहायचे, मग एकट्याने उभे राहायचे, वजाबाकी करायची.

यादीचा दुसरा तोटा याहून गंभीर आहे. नाव सापडले की माणूस औषध शोधतो. कुत्र्याचे किंवा मांजराचे नाक कोरडे पडले म्हणजे ताप, हा समज घरोघरी आहे. नाक झोपेत कोरडे पडते, उन्हात पडते, चुलीजवळ बसल्यावर पडते. तापाशी त्याचा भरवशाचा संबंध नाही. कान गरम लागतात हेही तसेच. कुत्र्यामांजराचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, त्यामुळे ९८ अंशांच्या माणसाच्या हाताला निरोगी जनावरसुद्धा गरमच लागणार. या दोन खुणांवरून ‘ताप आहे’ असे ठरते आणि डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी दुधातून दिली जाते. मांजराच्या यकृतात हे औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकणारी यंत्रणा फार तोकडी असते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराला मारायला पुरते. म्हणजे बऱ्याचदा ज्या मांजराला ताप नव्हताच, ते तापाच्या औषधाने जाते. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात व्रण आणि मूत्रपिंडात बिघाड करतात, ही याच माळेतली गोष्ट. एक थर्मामीटर, तोही गुदद्वारातून लावलेला, या सगळ्या अंदाजांची गरज संपवतो. आणि तो लावायचे धाडस होत नसेल तर औषध द्यायचे धाडसही करू नये.

उलटी आणि हगवण यांच्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण दवाखान्यात येणाऱ्या पिलांचे सर्वांत मोठे गाऱ्हाणे तेच, आणि आपल्या जेवणाचाही त्यात वाटा आहे. तांबडा-पांढरा रस्सा झाल्यावर उरलेली हाडे आणि रश्शात कालवलेला भात कुत्र्यापुढे ठेवणे हे इथे प्रेमाचे लक्षण समजले जाते. त्या रश्शातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या, त्याहून जास्त मांजराच्या, तांबड्या पेशी फोडतो. शिजलेले हाड अणकुचीदार तुकड्यांत फुटते. तुपातेलाचा तवंग स्वादुपिंडाला सूज आणू शकतो. तासगावकडचे बेदाणे घराघरांत असतात. द्राक्षे आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. त्यामुळे ‘काहीतरी खाल्लं असेल’ हे उत्तर इथे पुष्कळदा खरे निघते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. दोन महिन्यांचे पिलू उलट्या करतेय, त्याला रक्ताची, उग्र वासाची हगवण लागलीय, आणि घरचे ‘जंत झालेत’ म्हणून जंताचे औषध आणि दहीभात देऊन उद्याची वाट बघतायत, हे चित्र पार्वोचे आहे. हा विषाणू कुत्र्यांमध्ये १९७८च्या सुमारास जगभर पसरला. मांजरांच्या एका जुन्या विषाणूचा तो नातेवाईक. आतड्याचे अस्तर आणि पांढऱ्या पेशी तो एकदमच संपवतो. वेळेत सलाइन आणि चांगली शुश्रूषा मिळाली तर दहांतली आठ-नऊ पिले वाचतात. न मिळाल्यास बहुतेक दोन-तीन दिवसांत जातात. म्हणजे ‘उद्या बघू’ हाच इथला रोग. पिलाची चामडी चिमटीत धरून सोडली आणि ती सावकाश खाली बसली, हिरडीवर बोट दाबून उचलल्यावर गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर निदानाची वाट न बघता निघायचे. पिलू गेल्यावर अंगण फिनेलने धुऊन लगेच दुसरे आणले जाते, तेही जाते. साध्या फिनेलने हा विषाणू मरत नाही. ब्लीचिंगच्या पाण्याने मरतो, आणि मातीत तो कित्येक महिने टिकतो. आईच्या दुधातून आलेले संरक्षण लसीला काही आठवडे काम करू देत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. एकच टोचून ‘लस झालीय’ म्हणणारे घर सर्वांत जास्त फसते.

मांजराचा प्रश्न वेगळाच. आकाराने लहान, स्वतः शिकारी आणि मोठ्यांची शिकार होणाराही प्राणी म्हणून ते दुखणे लपवते. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही, हा आपला हिशेब तिथे लागू पडत नाही. माँट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. कान बाहेर वळून चपटे झालेत का, डोळे किलकिले आहेत का, तोंडाचा भाग ताणलाय का, मिशा सरळ ताठ आहेत का, डोके खांद्यांच्या रेषेखाली गेलेय का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. दहांपैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाचा विचार करायचा. मला यातली मोलाची गोष्ट वेगळी वाटते: ‘मांजराचे काही कळत नाही’ असे आपण म्हणत होतो तेव्हा ते स्वतः सांगतच होते. बोक्याची लघवी तुंबणे हे याचे सर्वांत दुःखद उदाहरण. बोका पुन्हा पुन्हा मातीत जाऊन बसतो, कुंथतो, काही होत नाही. घरचे म्हणतात बद्धकोष्ठ झालंय आणि एरंडेल पाजतात. मूत्रमार्ग बंद झालेला असतो, रक्तात पोटॅशियम चढत असते, आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबते. इथे बघायचे एकच: माती आज ओली झाली का. दुसरे, लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून नवाच आजार उभा राहतो. कुत्र्याने एक दिवस लंघन केले तर फारसे बिघडत नाही. मांजराला तो नियम लावू नये.

पाण्याचे भांडे हे घरातले सर्वांत दुर्लक्षित तपासणी-यंत्र आहे. कुत्रा दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पिऊ लागला तर ते नेहमीचे नव्हे. मांजराच्या बाबतीत ही मर्यादा साधारण निम्मी. म्हाताऱ्या मांजराच्या मूत्रपिंडाचे दोन-तृतीयांशाहून जास्त काम बंद पडेपर्यंत रक्तातला क्रिएटिनिनचा आकडा सहसा वाढत नाही, पण पाणी आणि लघवी वाढलेली असते. पिले न होऊ दिलेल्या, नसबंदी न केलेल्या मध्यमवयीन कुत्रीला माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून दिसते, की नसबंदी न झालेल्या सुमारे पाचांतल्या एका कुत्रीला दहा वर्षांच्या आत हे होते. पहिली खूण पुष्कळदा एवढीच: ती पाणी फार पितेय. आणि ते एप्रिल-मेमध्ये घडले तर आपण म्हणतो, उन्हाळा आहे.

याच्यावर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला: हे सगळे डॉक्टरांचे काम, तपासण्या आहेत, मालकाने लुडबुड का करावी? निदान हे डॉक्टरांचेच काम, हे मला मान्यच आहे. पण डॉक्टरांपुढे जनावर दहा-पंधरा मिनिटे असते, तेही घाबरलेले. अनोळखी टेबलावर मांजराची नाडी तर वाढतेच, रक्तातली साखरसुद्धा भीतीने चढते. लंगडणारा कुत्रा दवाखान्याच्या दारात चार पायांवर नीट उभा राहतो. तिथे डॉक्टरांना ‘गेल्या महिन्यात वजन २४ किलो होते, आज साडेएकवीस आहे’ हे वाक्य मिळाले, तर ते कुठल्याही यंत्रापेक्षा कमी नाही. दुसरा आक्षेप, की अशाने मालक भित्रा होतो, शिंक आली तरी धावतो. मला उलट वाटते. घाबरतो तो, ज्याच्याकडे तुलनेला काही नसते. कुत्रा गवत खातो म्हणून हवालदिल होणारे लोक आहेत. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी मालकांना विचारून पाहिले तेव्हा गवत खाण्यापूर्वी आजारी दिसणारे कुत्रे दहांत एकाहूनही कमी निघाले. आपला कुत्रा रोजच चरतो हे माहीत असलेला माणूस शांत राहतो. तिसरा आक्षेप खास आपल्याकडचा: गावात कुत्री अशीच जगतात, कुणी त्यांची हिरडी बघतेय? जगतात ती आपल्याला दिसतात. पार्वोत गेलेले आख्खे वेत उकिरड्यावर गेलेले असते, त्याची नोंद कुठेच नसते. वाचलेल्यांकडे बोट दाखवून न वाचलेल्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

एका रोगापुढे मात्र माझा युक्तिवाद अपुरा पडतो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पिसाळण्याच्या बाबतीत फरक टिपत बसायला वेळ नसतो. पिसाळलेला कुत्रा म्हणजे लाळ गाळत, चावत सुटलेला, असे आपल्या डोक्यात पक्के आहे. पण रेबीजचा दुसरा प्रकार मुका असतो. कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसतो, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरातला माणूस म्हणतो, घशात हाड अडकलंय, आणि तोंडात हात घालतो. कुत्रा चावत नाही, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. बोटावरच्या बारीक चिरेतून काम होऊन जाते. पाश्चरने १८८५ साली माणसाला रेबीजची लस टोचली, आणि आजही लक्षणे सुरू झालेला रोगी वाचवणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून जबडा लोंबलेल्या कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही, त्याला बांधून किंवा कोंडून डॉक्टरांना बोलवायचे. हात घातलाच असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायचा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची. पंचगंगेकाठच्या लोकांना आणखी एक सांगणे आहे. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत जे पाणी घरांत शिरले, तसल्या पाण्यातून उंदरांच्या मुतातले लेप्टोचे जंतू कुत्र्यात आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसात येऊ शकतात. पुरानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्र्याला ताप, उलट्या आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर त्याची लघवी उघड्या हाताने पुसू नका. लेप्टोच्या लसीचे संरक्षण साधारण वर्षभरच टिकते, तेव्हा ती मे महिन्यात, पावसाच्या आधी द्यावी. कुत्र्यामांजराची प्रकृती ही हौशी लोकांची खासगी चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांना माझे उत्तर या दोन रोगांत आहे.

गोठ्यातल्या म्हशीसाठी दूध संघाचा डॉक्टर फोनवर येतो, कारण तिच्या आजाराची किंमत त्याच संध्याकाळी काट्यावर दिसते. कुत्र्यामांजराचा काटा ज्याचा त्याने घरात मांडायचा आहे. त्यासाठी एक जुनी वही पुरे: महिन्याचे वजन, लसीच्या तारखा, माजाच्या तारखा, आणि निरोगी असतानाचा हिरडीचा रंग. सुरुवात आज रात्रीच करता येईल. जनावर गाढ झोपले की छातीची हालचाल बघत अर्धा मिनिट श्वास मोजा, दुप्पट करा आणि तारीख घालून लिहून ठेवा. कुत्र्याचा असो की मांजराचा, आकडा तीसच्या आत असायला हवा. दोन-तीन रात्री लागोपाठ तो त्यापुढे गेला, तर वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.